ऑप्शन्सचा पी अँड एल: स्क्रीनवरचा आकडा, हिशेबाचा आकडा आणि मधला सगळा घोळ

आधी कबुली देतो. ऑप्शन्स, म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत ठरलेल्या भावाने शेअर घ्यायच्या किंवा विकायच्या हक्कांचे सौदे, करायला लागल्यावर पहिलं दीडेक वर्ष मी नफा-तोटा बघायचो म्हणजे काय, तर सॉफ्टवेअरमधला पी अँड एल कॉलम बघायचो. हिरवा असला की खूश, लाल असला की दिवसभर तोंड वाकडं. मग एकदा महिनाअखेरीला बसलो, सगळे हिरवे-लाल आकडे जोडले, खात्यातल्या एकूण रकमेशी ताडून बघितले आणि जुळेचनात. थोडाथोडका नाही, चांगलाच फरक. ब्रोकरला तावातावाने मेल केला की तुमचं सॉफ्टवेअर चुकतंय, तर तिकडून शांतपणे उत्तर आलं की नाही, बरोबर आहे. आणि खरंच बरोबर होतं हो. मीच दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांत मिळवत होतो. नेमकी चूक काय होती ते पुढे असाइनमेंटच्या (विकलेल्या ऑप्शनपोटी शेअर घ्यावे किंवा द्यावे लागतात, त्याच्या) भागात येईल.

उदाहरणांमध्ये करन्सी टाकत नाही, तुमची जी असेल ती धरा. आणि एका कॉन्ट्रॅक्टमागे १०० शेअर धरतोय, अमेरिकन स्टॉक ऑप्शन्समध्ये तसं असतं. बाकी एक्स्चेंजवर, इंडेक्सवर, फ्युचर्सवरच्या ऑप्शनला हा गुणक वेगळा असतो, तो तुमच्या कॉन्ट्रॅक्टच्या माहितीत बघून घ्या, कारण तोच चुकला तर पुढचं सगळं चुकलं.

आधी कॉलम नीट लावा

पोझिशनच्या, म्हणजे हातातल्या चालू सौद्यांच्या, स्क्रीनवर डिफॉल्ट जे कॉलम येतात ते बहुतेक वेळा अपुरे असतात. कॉलम बदलायची सोय जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते, हेडरवर राइट क्लिक करा नाहीतर सेटिंगचं चाक शोधा. मला हे हवेतच: क्वांटिटी चिन्हासकट, अॅव्हरेज प्राइस, बिड (खरेदीदार देतोय तो भाव), आस्क (विकणारा मागतोय तो भाव), मार्क (साधारण या दोघांचा मध्य), लास्ट (शेवटच्या सौद्याचा भाव), आजचा पी अँड एल, ओपन म्हणजे अनरिअलाइज्ड पी अँड एल (अजून चालू सौद्यांचा) आणि रिअलाइज्ड (मिटवलेल्या सौद्यांचा). नावं थोडी इकडेतिकडे असतात, थिंकऑरस्विम नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पी/एल ओपन आणि पी/एल डे दिसेल, इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्सच्या टीडब्ल्यूएसमध्ये डेली, अनरिअलाइज्ड, रिअलाइज्ड असं दिसेल, पण आतला हिशेब हाच.

आता एकदा हाताने गणित करून बघा. खरंच करा, एकदाच करायचंय. ४.२० ला २ कॉल (शेअर घ्यायचा हक्क) घेतले, आता भाव ५.१० आहे. (५.१० वजा ४.२०) गुणिले २ गुणिले १०० म्हणजे १८० नफा. विकलेल्या पोझिशनला पण हाच फॉर्म्युला लागतो, फक्त क्वांटिटी उणे घ्यायची. २.७५ ला ३ पुट (शेअर विकायचा हक्क) विकले, आता भाव १.९० आहे, तर (१.९० वजा २.७५) गुणिले उणे ३ गुणिले १०० म्हणजे अधिक २५५. लाँग (घेतलेल्या) आणि शॉर्ट (विकलेल्या) पोझिशनसाठी दोन वेगळे फॉर्म्युले पाठ करत बसू नका, चिन्ह सांभाळलं की काम झालं. हा आकडा स्क्रीनवरच्या आकड्याशी जुळला तर पुढे जा, नाही जुळला तर बहुतेक वेळा भानगड पुढच्या भागात असते.

भाव कुठला धरलाय? लास्ट, मार्क, बिड की आस्क

इथे थोडं थांबतो, कारण माझ्या मते ऑप्शन्समधला निम्मा गोंधळ इथेच आहे. शेअरचं ठीक आहे हो, दर सेकंदाला सौदे होतात, लास्ट ट्रेडेड प्राइस आणि खरा भाव जवळजवळ सारखाच असतो. ऑप्शनमध्ये लांबच्या स्ट्राइकला (स्ट्राइक म्हणजे हक्काचा ठरलेला भाव) शेवटचा सौदा तीन तासांपूर्वी झालेला असू शकतो, तेव्हा शेअर कुठे होता आणि आता कुठे आहे, पण लास्टच्या कॉलममध्ये तो शिळा भाव तसाच बसलेला असतो.

समजा १.४० ला ५ कॉन्ट्रॅक्ट घेतले. आता स्क्रीनवर बिड १.१०, आस्क १.९० आणि लास्ट १.८५. लास्ट धरला तर ०.४५ गुणिले ५०० म्हणजे २२५ नफा. बिड-आस्कचा मध्य धरला तर भाव १.५०, नफा ५०. आणि आत्ता या क्षणी विकून बाहेर पडायचं म्हटलं तर समोर खरेदीदार १.१० ला उभा आहे, म्हणजे १५० तोटा! पोझिशन एकच, मिनिट एकच आणि उत्तरं तीन. तिन्ही "बरोबर".

म्हणून सेटिंगमध्ये जाऊन बघा तुमचं सॉफ्टवेअर पी अँड एल कशावर काढतं. काही ठिकाणी ते निवडता येतं, काही ठिकाणी नाही. निवडता येत असेल तर मार्क, म्हणजे साधारण बिड-आस्कचा मध्य, रोजच्या बघण्यासाठी ठेवा. पण बाहेर पडायचा विचार चालू झाला की लाँग पोझिशन बिडवर आणि शॉर्ट पोझिशन आस्कवर मोजा. मी त्याला "आत्ता पळालो तर" आकडा म्हणतो. खऱ्या ऑर्डरमध्ये लिमिट (आपण ठरवलेला भाव) लावून मध्याच्या आसपास कुठेतरी फिल मिळतो, म्हणजे सौदा पुरा होतो, बऱ्याचदा, पण सगळ्यात वाईट काय होईल ते आधी माहीत असलेलं बरं.

बाजार उघडायच्या आधी आणि उघडल्यावरची पहिली काही मिनिटं तो कॉलम बघूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बिड शून्य आणि आस्क भलताच, त्याचा मध्य काढून सॉफ्टवेअर आपल्याला प्रचंड नफा नाहीतर प्रचंड तोटा दाखवतं आणि लोक घाबरून मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकतात. चार लेगवाली, म्हणजे चार ऑप्शन्स एकत्र बांधलेली, पोझिशन असेल तर प्रत्येक लेगची ही चूक एकात एक मिसळते आणि कमाल तोट्यापेक्षाही जास्त तोटा स्क्रीनवर दिसू शकतो. एखाद्या स्प्रेडमध्ये (एक ऑप्शन विकून दुसरा घेतलेली जोडी) जास्तीत जास्त ३४० जाऊ शकतात आणि स्क्रीन म्हणतेय ५१० गेले, तर समजायचं की कोट्स बिघडलेत, पोझिशन नाही.

आजचा पी अँड एल वेगळा, ओपन पी अँड एल वेगळा

आजचा आकडा कालच्या बंद भावापासून मोजतात, ओपनचा आकडा तुमच्या खरेदीच्या भावापासून. एवढंच आहे, पण रोज कुणी ना कुणी यात फसतो. सोमवारी ४.२० ला घेतलेला कॉल काल ६.०० ला बंद झाला, आज ५.१० वर आहे: आजचा पी अँड एल उणे ९०, ओपन पी अँड एल अधिक ९०. लाल बघून घाबरायचं की हिरवं बघून खूश व्हायचं ते तुम्ही ठरवा, पण दोन्ही जोडू मात्र नका.

त्यात आज अजून एक कॉन्ट्रॅक्ट ५.५० ला घेतला तर? जुन्याचा आजचा हिशेब ६.०० पासून, उणे ९०. नव्याचा हिशेब ५.५० पासून, उणे ४०. आजचा एकूण उणे १३०. ओपनला मात्र सरासरी खरेदी ४.८५, आता भाव ५.१०, दोन कॉन्ट्रॅक्ट, म्हणून अधिक ५०. बघा, आज १३० गेले आणि तरी पोझिशन ५० ने वर आहे, आणि यात कुठेही चूक नाही.

दिवस कधी रीसेट होतो हे पण बघून ठेवा. काही सॉफ्टवेअर मध्यरात्री शून्यावर आणतं, काही सेशन चालू होताना, त्यामुळे रात्री उशिरा बघितलेला "आजचा" आकडा नक्की कुठल्या दिवसाचा हे कळत नाही.

फिफो की अॅव्हरेज

वरच्याच दोन कॉन्ट्रॅक्टमधला एक आता ५.१० ला विकला. रिअलाइज्ड किती? फिफो लावलं, म्हणजे आधी घेतलेला आधी विकला, तर ४.२० वाला गेला, ९० नफा बुक झाला आणि उरलेल्या ५.५० वाल्यावर ४० तोटा दिसतोय. अॅव्हरेज लावलं तर २५ नफा बुक आणि उरलेल्यावर पण २५ नफा दिसतोय. लिफो लावलं, म्हणजे शेवटी घेतलेला आधी विकला, तर ४० तोटा बुक आणि उरलेल्यावर ९० नफा.

तिन्हींची बेरीज काढा. ५०, ५० आणि ५०.

म्हणजे पद्धत बदलल्याने पैसे बदलत नाहीत, फक्त बुक झालेला भाग आणि हवेतला भाग यांची वाटणी बदलते. टॅक्सला ही वाटणी महत्त्वाची असते आणि तिथे कुठली पद्धत चालते हे प्रत्येक देशाचं वेगळं, ते तुमच्या टॅक्सवाल्याला विचारा. पण "काल माझं सॉफ्टवेअर ९० दाखवत होतं, स्टेटमेंटमध्ये २५ का?" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं, की लाइव्ह स्क्रीन एक पद्धत वापरते आणि स्टेटमेंट दुसरी. भांडायच्या आधी रिअलाइज्ड आणि अनरिअलाइज्डची बेरीज जुळतेय का बघा.

स्प्रेड असेल तर लेग एकत्र बांधा

साधं उदाहरण. १०० चा पुट ३.२० ला विकला, ९५ चा पुट १.६० ला घेतला. हातात निव्वळ १.६० आले म्हणजे १६०, जास्तीत जास्त नफा तेवढाच. जास्तीत जास्त तोटा ५ वजा १.६०, म्हणजे ३.४० गुणिले १००, ३४०. काही दिवसांनी १०० वाला २.६० वर आणि ९५ वाला १.४० वर. स्क्रीनवर दोन ओळी: एकीवर अधिक ६०, एकीवर उणे २०. नवखा माणूस ती लाल ओळ बघतो आणि म्हणतो ही काढून टाकू, आणि घेतलेला पुट विकून टाकतो. झालं! जो विमा होता तोच विकला, खाली उघडा पुट राहिला आणि वरून मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे अडकवायची रक्कम, वाढलं.

या दोन ओळी मुळात एकच आहेत. बंद करायला १.२० लागतील, आले होते १.६०, म्हणजे ४० नफा, कमाल नफ्याच्या २५ टक्के. तुम्हाला बघायचाय तो आकडा हा.

सॉफ्टवेअरमध्ये ग्रुप किंवा स्ट्रॅटेजी असा पर्याय असतो, तो वापरा. पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका, कारण ही ऑटोमॅटिक जुळवाजुळव सॉफ्टवेअर स्वतःच्या डोक्याने करतं, एकाच शेअरवर दोन स्प्रेड असले की याचा लेग त्याला लावून मोकळं होतं. ऑर्डर टाकताना टॅग किंवा नोट लिहायची सोय असेल तर तिथेच एक नाव द्या, "क-०७" असलं काहीही चालेल, फक्त त्या पूर्ण व्यवहाराला शेवटपर्यंत तेच नाव. या नावाला मी मोहीम म्हणतो, आणि पुढचं सगळं याच नावावर उभं आहे.

रोल: इथे सगळे स्वतःला फसवतात

कॉल विकला २.०० ला. शेअर वर पळाला, कॉल ३.५० झाला. आता तो ३.५० ला परत घेतला आणि पुढच्या महिन्याचा ४.०० ला विकला. असा रोल करून ०.५० क्रेडिट (निव्वळ हातात आलेले पैसे) आलं म्हणून माणूस छाती फुगवून सांगतो. सॉफ्टवेअर काय दाखवतं? रिअलाइज्ड उणे १५०, आणि नवी पोझिशन कोरी करकरीत, शून्यापासून सुरू. आठवडाभराने ती २.२० वर आली की स्क्रीनवर ओपन पी अँड एल अधिक १८०, हिरवंगार. ते १५० कुठे गेले? रिअलाइज्डच्या कॉलममध्ये, जो त्या दिवसानंतर रीसेट झाला आणि स्क्रीनवरून गायबच झाला.

मोहिमेच्या हिशेबात ते असं दिसतं:

विकला: अधिक २००
परत घेतला: उणे ३५०
नवा विकला: अधिक ४००
परत घेतला: उणे २२०
एकूण: अधिक ३०

१८० नाही, ३०. आणि त्यातून चार फिलचं ब्रोकरेज अजून जायचंय. क्रेडिट आलं म्हणजे नफा झाला असं अजिबात नाही, नवा ऑप्शन महाग विकला कारण त्यात वेळ जास्त होता, ती जबाबदारी अजून डोक्यावर आहे. मी अशी एक मोहीम सलग पाच वेळा रोल केली होती, प्रत्येक वेळी क्रेडिट घेऊन, आणि शेवटी एकूण तोटा. ती शीटमध्ये नीट मांडली नसती तर आजही मी तिला नफ्यातली म्हणालो असतो.

एक्स्पायरी आणि असाइनमेंट

एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपताना, ऑप्शन शून्य होऊन संपला तर कुठलाही सौदा होत नाही, त्यामुळे ट्रेड हिस्टरीत बंद झाल्याची ओळ येतच नाही असं काही ठिकाणी असतं. पोझिशन एका रात्रीत नाहीशी होते आणि रिअलाइज्डमध्ये नोंद दुसऱ्या दिवशी किंवा थेट स्टेटमेंटमध्ये दिसते. स्वतःच्या शीटमध्ये अशा वेळी ०.०० भावाने बंद अशी ओळ हाताने टाका. नाहीतर शीटला वाटत राहतं की पोझिशन अजून चालूच आहे.

कॅश सेटल होणाऱ्या, म्हणजे शेअरऐवजी पैशात हिशेब मिटणाऱ्या, इंडेक्स ऑप्शनला अजून एक: शेवटी स्क्रीनवर दिसलेला भाव आणि सेटलमेंटचा भाव एकच असेल असं नाही. शीटमध्ये सेटलमेंटचाच टाका.

आता माझी ती फजिती. ५० च्या स्ट्राइकचा पुट १.८० ला विकलेला, शेअर पडला आणि असाइनमेंट झाली, म्हणजे १०० शेअर ५० ला माझ्या गळ्यात. त्या दिवशी शेअर ४७.५० वर. आता हे दाखवायच्या दोन पद्धती आहेत. एक, ऑप्शनचा १८० नफा बुक करायचा आणि शेअर ५० ला घेतला असं धरून त्यावर २५० तोटा दाखवायचा, बेरीज उणे ७०. दुसरी, प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचे आलेले पैसे, शेअरच्या किमतीतून वजा करायचा, शेअर ४८.२० ला पडला असं धरायचं आणि त्यावर उणे ७० दाखवायचे, ऑप्शनचा वेगळा नफा काहीच नाही. दोन्हीकडे उणे ७०.

मी काय करत होतो, ट्रेड पॅनेलमधून ऑप्शनचे १८० उचलत होतो आणि पोर्टफोलिओ पॅनेलमधून शेअरचे उणे ७० उचलत होतो. बेरीज अधिक ११०! एकच प्रीमियम दोनदा खाल्ला. असं तीन-चार शेअरवर झालं होतं, म्हणून महिनाअखेरीचा फरक एवढा मोठा. तपासायची सोपी खूण: असाइनमेंटनंतर शेअरची अॅव्हरेज प्राइस बघा. ती बरोबर स्ट्राइकएवढी असेल तर पहिली पद्धत, स्ट्राइकपेक्षा प्रीमियमएवढी कमी असेल तर दुसरी. कॉल एक्सरसाइज केला असेल (हक्क वापरून शेअर घेतला असेल) तर उलट, दुसऱ्या पद्धतीत भरलेला प्रीमियम शेअरच्या किमतीत मिळवलेला दिसेल.

स्प्लिट झाल्यावरचा भूकंप

कधीतरी सकाळी उठून बघाल तर एखाद्या पोझिशनवर राक्षसी तोटा. शेअरची १ ला ४ अशी विभागणी झाली, तुमच्या एका कॉन्ट्रॅक्टचे चार झाले, स्ट्राइक चौथाई झाली, प्रीमियम १२ चा ३ झाला. पैसा जिथल्या तिथे. पण सॉफ्टवेअरने क्वांटिटी बदलली आणि अॅव्हरेज प्राइस अजून १२ च ठेवली तर (३ वजा १२) गुणिले ४ गुणिले १००, उणे ३,६०० दिसणार. बऱ्याचदा एक-दोन दिवसांत आपोआप दुरुस्त होतं. तोवर हात लावू नका. २ ला ३ असल्या आडनिड्या प्रमाणात विभागणी झाली तर एका कॉन्ट्रॅक्टमागचे शेअर १०० राहतीलच असं नाही, तिथे एक्स्चेंजची किंवा क्लिअरिंगची नोटीस वाचल्याशिवाय हिशेब करू नका.

ब्रोकरेज आणि बाकीचे कट

ओपन पी अँड एलमध्ये फी धरलेली असते का? काही सॉफ्टवेअर अॅव्हरेज प्राइसमध्येच मिसळतं, काही अजिबात धरत नाही. ओळखायचं कसं, तर ४.२० ला फिल मिळाला आणि अॅव्हरेज ४.२०९ दिसतेय, तर आत मिसळलीये. बरोबर ४.२० दिसतेय तर नाही.

छोट्या स्प्रेडला हे जिवावर येतं. आयर्न कॉन्डॉर (कॉलचा एक आणि पुटचा एक असे दोन स्प्रेड एकत्र) ०.६० ला विकला, ०.३० ला परत घेतला, ३० नफा. चार लेग आत, चार लेग बाहेर, आठ फिल, प्रत्येकी १ फी धरली तर ८ गेले, हातात २२. नफ्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग साफ. आणि दुसऱ्या करन्सीत ट्रेड करत असाल तर कन्व्हर्जनचा फरक अजून वेगळा, तो ऑप्शनच्या नफ्यात न मिसळता वेगळ्या ओळीत ठेवा, नाहीतर ट्रेड चांगला होता की करन्सी चांगली होती ते कधीच कळणार नाही.

आता शीट बनवा

स्प्रेडशीट कुठलीही चालेल. सॉफ्टवेअरमधून ट्रेड हिस्टरी सीएसव्हीमध्ये उतरवा, पोझिशनची स्क्रीन नाही, झालेल्या फिलची यादी. इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्समध्ये यासाठी फ्लेक्स क्वेरी नावाचा प्रकार आहे, एकदा साचा बनवला की दर वेळी त्याच कॉलममध्ये रिपोर्ट मिळतो, बाकीच्यांकडे पण एक्स्पोर्टचं बटण कुठेतरी असतंच, बहुतेक स्टेटमेंटच्या मेनूत.

एका फिलची एक ओळ. कॉलम असे ठेवा: मोहिमेचं नाव, तारीख, शेअर किंवा इंडेक्स, एक्स्पायरी, स्ट्राइक, कॉल की पुट, क्वांटिटी (घेतलं तर अधिक, विकलं तर उणे), भाव, गुणक, फी. आणि शेवटचा कॉलम कॅश, ज्याचा फॉर्म्युला: उणे क्वांटिटी गुणिले भाव गुणिले गुणक, वजा फी. विकलेले ३ पुट २.७५ ला, फी ३, तर कॅश अधिक ८२२. पैसे आले तर अधिक, गेले तर उणे, दुसरं काही लक्षात ठेवायचं नाही. असाइनमेंटमध्ये आलेले शेअर पण त्याच मोहिमेत, गुणक १ लावून. मग प्रीमियम आधी धरायचा की नंतर हा वादच संपतो, १८० आले, ५,००० गेले, बस.

मग दुसऱ्या पानावर पिव्होट टेबल: ओळीत मोहिमेचं नाव, बेरजेत कॅश. शेजारी प्रत्येक कॉन्ट्रॅक्टच्या क्वांटिटीची बेरीज. मोहिमेतल्या सगळ्या कॉन्ट्रॅक्टची क्वांटिटी शून्य झाली की ती मोहीम बंद, आणि कॅशची बेरीज हाच तिचा अंतिम नफा-तोटा, तिथे लास्ट, मार्क, फिफो, अॅव्हरेज कशाचाही संबंध उरत नाही. क्वांटिटी शिल्लक असेल तर कॅशच्या बेरजेत शिल्लक पोझिशनची आजची किंमत मिळवा, लाँगला अधिक, शॉर्टला उणे.

सीएसव्हीच्या कटकटी: तारीख आणि महिना उलटसुलट होतात, वेळ दुसऱ्याच टाइमझोनची असते, एक ऑर्डर पाच तुकड्यांत फिल झाली की पाच ओळी येतात (येऊ द्या, जोडत बसू नका), आणि काही रिपोर्टमध्ये विकलेली क्वांटिटी पण अधिकच लिहितात, बाजूच्या कॉलममध्ये फक्त "सेल" असं असतं. हे शेवटचं पहिल्याच दिवशी तपासा.

नफा कशामुळे झाला

रोज बघायची गरज नाही, पण "शेअर माझ्या बाजूने गेला तरी पैसे का नाही मिळाले" असं वाटलं की ग्रीक्सचे कॉलम लावा. ऑप्शनचा भाव कशाने किती हलतो ते हे आकडे सांगतात: डेल्टा शेअरच्या भावाने, गॅमा म्हणजे डेल्टा स्वतः किती बदलतो, थीटा दिवस गेल्याने, व्हेगा इम्प्लाइड व्होलॅटिलिटीने (ऑप्शनच्या भावात धरलेली पुढच्या चढउताराची अपेक्षा). कॉल घेताना डेल्टा ०.४०, गॅमा ०.०३, थीटा दिवसाला उणे ०.०५, व्हेगा ०.१२ होता. तीन दिवसांत शेअर २ ने वर गेला आणि इम्प्लाइड व्होलॅटिलिटी ४ पॉइंट पडली. डेल्टाचे अधिक ०.८०, गॅमाचे अर्धा गुणिले ०.०३ गुणिले ४ म्हणजे अधिक ०.०६, थीटाचे उणे ०.१५, व्हेगाचे उणे ०.४८. उरले ०.२३. दिशा बरोबर होती, व्होलॅटिलिटीने खाल्लं. कंपनीचे निकाल लागले की दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा हेच होतं. हा अंदाजच आहे, मोठी हालचाल झाली तर आकडे सुटतात, पण कारण कळतं.

पेऑफ ग्राफ (शेअरच्या भावानुसार नफा-तोटा दाखवणारा) बघताना पण लक्ष द्या: कोपरे असलेली रेघ एक्स्पायरीची, वाकडी रेघ आजची. ती वाकडी रेघ आत्ताची व्होलॅटिलिटी तशीच राहील असं धरून काढलेली असते.

आठवड्यातून एकदा ताळा

खात्याची एकूण किंमत घ्या, म्हणजे कॅश नाही तर नेट लिक्विडेशन व्हॅल्यू (कॅश आणि सगळ्या पोझिशनची आजची किंमत मिळून). ऑप्शन विकला की कॅश वाढते, पण तेवढंच देणंही डोक्यावर येतं, त्यामुळे नुसती कॅश बघून खूश होणारा माणूस हमखास गंडतो. शुक्रवारची किंमत वजा मागच्या शुक्रवारची, त्यातून भरलेले पैसे वजा, काढलेले मिळवा. २०,००० चे २०,६५० झाले, मध्ये ५०० भरले, म्हणजे कमाई १५०. आणि शीट म्हणतेय १९०.

हे ४० शोधायचा क्रम मी ठरवून टाकलाय. पहिलं फी, शीटमध्ये फीचा कॉलम रिकामा राहिलेल्या ओळी. मग एक्स्पायर झालेले पण शून्याची ओळ न टाकलेले कॉन्ट्रॅक्ट. मग व्याज, डिव्हिडंड, डेटा फीड किंवा सॉफ्टवेअरची महिन्याची फी, या गोष्टी ट्रेड हिस्टरीत येतच नाहीत. मग शिल्लक पोझिशनचा भाव, मी मार्क धरला आणि स्टेटमेंटने बंद भाव धरला असं झालंय का. एवढं करून दहापैकी नऊ वेळा सापडतं. नाही सापडलं तर फरकाला २ ने भागून बघा आणि तो निम्मा आकडा शीटमध्ये शोधा, कुठल्यातरी ओळीचं चिन्ह उलटं पडलेलं असतं, म्हणजे ४० चा फरक असेल तर २० ची ओळ.